एकशे सतराचं घर

सामरवरणीच्या त्या सुताच्या कारखान्यात आबा हजेरीचे टाइमकीपर होते, तेव्हा माणूस ओळखायला त्यांना डोळे लागत नसत. फाटकाबाहेर कुणी शिंकलं की आबा आतूनच म्हणायचे, "चौऱ्याऐंशी आला. सर्दी आहे त्याला, आज पॅकिंगला लावा." एकदा कुणाचा तरी बिल्ला दमणगंगेत पडला, तर काठावर बसल्या बसल्या नुसत्या आवाजावरून आबांनी सांगितलं, हा बासष्टचा, आणि पडला नाही, टाकलाय, उद्यापासून तो यायचा नाही. तो आला नाही. खोटं वाटत असेल तर वाटू दे, किलवणीपर्यंत कुणालाही विचारा.

बिल्ला म्हणजे पितळेची चकती, रुपयाहून जरा मोठी, वर नंबर ठोकलेला. माणूस काम सोडून गेला की बिल्ला परत यायचा, आणि तोच पुढच्या नव्या माणसाला मिळायचा. रोज चारजण सोडायचे आणि पाचजण लागायचे. दर वेळी नवं पितळ कोण ठोकणार? आबांच्या खोलीत एक लाकडी फळी होती, तिला खिळे, खिळ्याखिळ्याला बिल्ला. आणि प्रत्येक बिल्ल्यामागे, खिळ्यालाच, दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. तिच्यावर गाव, आणि बरंवाईट झालं तर कळवायचं कुणाला. माणूस गेला की आबा ती चिठ्ठी सोडायचे, पाठीमागे तो कुठं चालला ते लिहायचे आणि एका पत्र्याच्या डब्यात टाकायचे. नवा माणूस आला की त्याला समोर उभा करून आईचं नाव आणि गाव तीनदा मोठ्यानं बोलायला लावायचे. चिठ्ठी बांधली की मग बिल्ला.

"आबा, लगीन लावता का काय आमचं?" पोरं हसायची.

"लग्नात चूक झाली तर माणूस निभावून नेतो," आबा म्हणायचे. "बोल, आईचं नाव काय?"

ब्याण्णव साली कारखान्यात कॉम्प्युटर आला. वापीहून टेम्पोतून, गादीवर निजवून आणला होता. नारळ फुटला, हार घातला, आणि त्याला थंड हवेच्या खोलीत बसवलं. बाहेर पत्र्याखाली माणसं भाजत होती आणि हा डबा आत गारव्यात, जावई बसावा तसा. त्याची सरबराई करायला प्रमिला आली. बावीस वर्षांची. वडील संगमेश्वरकडचे, सरकारी शाळेत मास्तर, राहायला टोकरखाड्यात. वर्षभर बसनं वापीला जाऊन ती हे काम शिकली होती आणि तिला त्याची खरी हौस होती.

तिनं फळीवरचं सगळं मशीनमधे घातलं. पण एका यादीत नाही, दोन याद्या केल्या. एक माणसांची: नंबर, नाव, खातं. दुसरी घरांची: नंबर, गाव, कळवायचं कुणाला. कारण एकाची आई साक्रीला असते आणि बायको माहेरी नवापूरला. एका ओळीत दोन घरं मावत नाहीत. दोन्ही याद्यांमधे दुवा एकच, बिल्ल्याचा नंबर. नंबर मारला की मशीन पहिल्या यादीतून माणूस आणायचं, दुसरीतून त्याची घरं आणायचं आणि पडद्यावर एकाखाली एक मांडायचं.

वापीचे सर शिकवताना एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचे. माणूस काढायचा तर आधी त्याचं घर काढा. घर मागे राहिलं तर ते बेवारशी होतं, आणि बेवारशी घरात उद्या कुणीही शिरतो. प्रमिलानं ते वहीत लाल शाईनं लिहून ठेवलं होतं, आणि म्हणून मशीनला तिनं एक कुलूप घातलं. घर शिल्लक असेल तर माणूस यादीतून निघायचा नाही. घर नसेल तर नव्या माणसाला नंबर मिळायचा नाही, आणि माणूस नसेल तर नुसतं घर लागायचं नाही. मशीन सरळ नाही म्हणायचं.

आबांना ते पटलं होतं. "डबा माझ्यासारखाच हेकट आहे," एवढंच म्हणाले. मग त्यांना फाटकावर बसवलं आणि टाइमकीपरच्या खुर्चीत वसईकडचा जयवंत आला. त्याला सगळ्याची घाई.

"ताई, हे यंत्र माझ्याशी भांडतं," तो चौथ्या दिवशीच म्हणाला. "माणूस पळून गेलाय, मी त्याला काढतोय, तर हे म्हणतं आधी घर काढ. नवा दारात उभा आहे, तर म्हणतं घर सांग. अहो, त्याला स्वतःलाच पिनकोड माहीत नाही."

"पिनकोड नको. गाव आणि नाव पुरे."

"रोज नऊजणांचं? मी सूत बघू का सोयरीक बघू?"

मॅनेजर ललितभाई आत आले. थंड हवेला ते दिवसातून सहादा तरी यायचे. "प्रमिलाबेन, मशीन आपणो नोकर छे के आपण मशीनचे? ते कुलूप काढून नाखो. जुनी घरं पडली राहिली तर शुं? खायला थोडीच मागते?"

प्रमिलाला सरांची लाल ओळ आठवली. पण ललितभाई उभे, जयवंत उभा, आणि कुलूप म्हणजे तरी काय, दहा ओळी. चहा निवायच्या आत तिनं त्या काढल्या. जयवंतनं हात जोडले. ललितभाईंनी दुसऱ्या दिवशी पेढे आणले.

त्याच महिन्यात जुनी रजिस्टरं रद्दीत गेली, आणि आबांचा डबाही. रद्दीवाल्यानं पत्रा ठेवून घेतला आणि चिठ्ठ्या रस्त्यावर ओतून दिल्या. आठ दिवस सामरवरणीच्या गटारातून गावंच्या गावं वाहत होती. आबा फाटकावरून बघत बसले.

पुढच्या वर्षी होळीला एकशे सतरा नंबरचा सुकदेव काम सोडून गेला. जयवंतनं त्याला माणसांच्या यादीतून काढलं. घर राहिलं. शनिवारी प्रमिलानं नेहमीसारखी मशीनची झाडलोट केली, म्हणजे काढलेली नावं कायमची पुसली. आठवड्यानं चिंधा नावाचा माणूस लागला. जयवंतनं त्याला एकशे सतराचा बिल्ला दिला आणि नाव टाकलं. टाकल्याबरोबर पडद्यावर खाली घर आलं: साक्री तालुका, आई पुतळाबाई. जयवंतला वाटलं, वा, ताईंनी भरून पण ठेवलं. त्यानं चिंधाला काही विचारलं नाही. चिंधानंही काही सांगितलं नाही. विचारल्याशिवाय आपल्या घराचं नाव कोण साहेबाला सांगतो?

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी गरम तेलाची नळी फुटली. चिंधा तिच्या समोर होता. बाकीचं सांगण्यासारखं नाही.

ललितभाई धावतच खोलीत आले. "बेन, एकशे सतराचं घर काढा. तार करायची."

प्रमिलानं नंबर मारला. डोळ्याचं पातं लवायच्या आत गाव आलं, आईचं नाव आलं. प्रिंटरनं ते कर्रकर्र करत कागदावर उतरवलं. आबांना गाठ सोडायला याहून जास्त वेळ लागला असता, असं तिच्या मनात आलं. ते त्या वेळी मनात आलं, हे ती पुढं कधी विसरू शकली नाही.

तारेत नाव नव्हतं. तुमचा मुलगा गेला, प्रेत घेऊन येत आहोत, एवढंच. दुसऱ्या दिवशी जयवंत टेम्पो घेऊन गेला. चिंधाचा चेहरा राहिला नव्हता. दवाखान्यानं सगळं शिवून बांधून दिलं होतं. कागद इंग्रजीत होते आणि जयवंतच्या पिशवीतच राहिले. कारखान्याच्या शेठचा हुकूम होता, फार बोलायचं नाही, गर्दी व्हायच्या आत निघायचं. गावात शिरला तर बाया आधीच रडत होत्या. मेल्याचं नाव त्याला कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. त्यानं अंगठा घेतला, काळा पडलेला बिल्ला म्हातारीच्या हातात ठेवला आणि निघाला.

आबा तेव्हा लेकीकडे गेले होते. चौथ्या दिवशी परतले आणि बूट न काढता थंड खोलीत आले.

"प्रमिला, चिंधा साक्रीचा कधी झाला?"

"मशीनमधे तसं आहे, आबा."

"साक्रीचा सुकदेव. बुटका, डावरा, होळीला गेला तो. चिंधा तिकडचा, तापीकडचा. शहाद्याकडं कुठंतरी. बोलताना 'व' लांबवायचा. गाव मला माहीत नाही. त्याला मी लावला नव्हता." आबा खुर्चीवर टेकले. "बाई गं. कुणाच्या दारात कुणाला नेऊन ठेवलंस?"

तिनं नंबर मारला. वर चिंधा, खाली पुतळाबाई. एकाखाली एक, नीट, स्वच्छ. चुकीचं असं काहीच दिसत नव्हतं. मशीनच्या मते ती चिंधाची आईच होती.

ललितभाईंनी ऐकलं, रुमालानं मान पुसली. "झालं ते झालं. तिथं जाळलं, राख झाली. आता कोणाला काय सांगायचं? चिंधाचा पत्ता छे आपल्याकडे?"

"नाही."

"तो पछी? नाही तर नाही. कोणी विचारत आलं तर जोईशुं, बघून घेऊ."

चिंधाच्या खोलीतले दोघे अपघाताच्या दिवशीच आपापल्या गावी पळाले होते आणि परत आले नव्हते. प्रमिलानं शहाद्याच्या तलाठ्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पुतळाबाईला लिहायला घेतलं, पण प्रत्येक वेळी "तुमचा मुलगा" इथवर येऊन पेन थांबायचं. मुलगा जिवंत आहे म्हणायचं, तर पुढचा प्रश्न यायचा, कुठं आहे? सुकदेव कुठं गेला ते आबांच्या चिठ्ठीवर राहिलं असतं. मशीनमधून तिनंच त्याला पुसला होता. मग तिनं पत्र फाडलं. असे दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांचं खापर तिला जयवंतवरही फोडता आलं नाही, ललितभाईंवरही नाही.

दिवाळी झाली. सगळे गावी जाऊन परत आले. भाऊबीजेनंतर चार दिवसांनी फाटकापाशी एक बाई येऊन बसली. कडेला गाठोडं, गाठोड्यात फराळाचा डबा. आबांनी तिला प्रमिलाकडे आणलं आणि स्वतः दारातच उभे राहिले.

"मी कमळाबाई," ती म्हणाली. "मना मालक आठे कामले शे. चिंधा नाव. दिवाळीले उना नही. तेवढं त्याले बाहेर बलावा, माय."

आत गारवा होता. प्रमिलानं खुर्ची पुढं ओढली.

"बसा ना, कमळाबाई."

"बसत नही. त्याले पाहसू आन जासू. पोरगी शेजारनीकडे ठेयेल शे." मशीनकडे बघून ती जरा हसली. "हाई काय, टीव्ही का? याम्हा दिसस का तो?"

प्रमिलानं आबांकडे पाहिलं. आबांनी मान खाली घातली. ललितभाईंची खोली दोन दारं पलीकडे होती. "जोईशुं" म्हणायला ते तयारच बसलेले. त्यांना बोलावलं असतं तर त्यांनी बाईला सांगितलं असतं की चिंधा पळून गेला, आणि बाई डबा घेऊन परत गेली असती, आणि जन्मभर दाराकडे बघत राहिली असती.

"तो गेला, कमळाबाई," प्रमिला म्हणाली. "भाद्रपदात. नळी फुटली. माझ्या हातून त्याचं घर चुकलं, म्हणून तुम्हाला कळलं नाही. त्याला दुसऱ्याच गावी नेलं."

कमळाबाई उभीच होती. मग तिनं गाठोडं खाली ठेवलं, सावकाश, आतला डबा आडवा होणार नाही असं.

"घर चुकनं म्हणजे काय व्हयनं?" तिनं विचारलं.

प्रमिलानं सांगितलं. दोन याद्या, नंबर, सुकदेव, पुतळाबाई. कमळाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. तिला मशीन कळलं की नाही कोण जाणे, पण चूक नीट कळली.

"म्हणजे मना मालकले परकी बाईनी रडी लिधं," ती म्हणाली. "मी तिकडे त्याना करता चकल्या तळत व्हती. माले ती बाई दखाड."

ललितभाई मधे आले, पण आबा दारातून हलले नाहीत, आणि आबांच्या अंगावरून जायची कारखान्यात कुणाची छाती नव्हती. प्रमिलानं घरी निरोप पाठवला आणि त्याच दुपारी दोघी निघाल्या. वापीपर्यंत बस, सुरतेपर्यंत गाडी, तिथून एसटीनं साक्री, पुढं पायी. वाटेत कमळाबाई एकदाच बोलली. "तो उंच व्हता," म्हणाली. बस.

पुतळाबाईचं घर नदीकडच्या अंगाला होतं. म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. कारखान्याची बाई आली म्हटल्यावर तिनं घोंगडी टाकली, पाणी दिलं. कमळाबाईला तिनं कारखान्याचीच कुणी समजून जवळ बसवलं.

प्रमिला काय बोलायचं ते वाटभर जुळवत आली होती. त्यातलं काही बोलायची वेळच आली नाही. कमळाबाईची नजर देवाच्या फळीवर गेली होती. तिथं काळा पडलेला बिल्ला होता, आणि त्याला हिरव्या काठाची एक चिंधी, दुहेरी गाठ मारलेली.

कमळाबाई उठली आणि न विचारता तो हातात घेतला. गाठ बोटांनी चाचपली. अर्धी जळली होती.

"हाई मनी गाठ," ती म्हणाली. "मना लुगडाना काठ. त्याना दोरा तुटे म्हणून मी बांधी दिधी व्हती."

पुतळाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं कमळाबाईकडे पाहिलं, मग प्रमिलाकडे. मग ती बोलली, पण ते कुणाला सांगत नव्हती.

"पाय लांब व्हतात. मना सुकदेवना पाय आखूड. मी म्हनं, कंपनीमा खावाले बरं भेटत व्हई."

प्रमिलानं तोंडाला रुमाल लावला.

"माले वाटनं व्हतं," पुतळाबाई म्हणाली. "पण दारमा उना तो. परत कोठे धाडू? दहा दिवस दिवा लावा, बाई. रांधी घालं. काई कमी कयं नही." हे ती कमळाबाईला सांगत होती. कमळाबाईनं तिच्या पायांना हात लावला आणि तिथंच कपाळ टेकलं, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग हात एकदम थांबला.

"मंग मना पोऱ्या जित्ता शे?"

तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. कमळाबाईकडे लक्ष गेल्याबरोबर तिनं ते पदराखाली झाकलं. पदराआडूनच प्रमिलाला विचारलं, "कोठे शे तो?"

"माहीत नाही," प्रमिला म्हणाली.

"तुमना मशीनम्हा नही?"

"होता. मी पुसला."

पुतळाबाईनं पदर खाली घेतला. आता हसूही नव्हतं. एवढे दिवस तिला तिचा पोरगा कुठं आहे ते ठाऊक होतं: नदीवर, तिनं स्वतः पोचवलेला. आता तो कुठंच नव्हता. "मेला व्हता तोच बरा व्हता," ती म्हणाली, आणि आपणच बोललेलं ऐकून तोंडावर हात मारून घेतला.

मग म्हातारी कमळाबाईला नदीकाठची चितेची जागा दाखवायला घेऊन गेली. दोघी पुढं, प्रमिला मागं. तिथं दाखवण्यासारखं काही नव्हतं. एक काळा डाग, त्यातही गवत आलेलं. कमळाबाईनं डबा उघडला आणि चकल्या तिथं ठेवल्या.

परत येताना साक्रीच्या स्टँडवर कमळाबाई म्हणाली, "माले त्याम्हा लिही. मशीनम्हा. त्याना खाली."

प्रमिलानं तिकिटाच्या पाठीवर गाव लिहून घेतलं. शहाद्याच्या पलीकडं, तापीच्या काठचं. होळीनंतर तो लागला तेव्हा विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

कारखान्यात येऊन तिनं पहिल्यांदा कुलूप परत घातलं, त्याच दहा ओळी. मग तिनं मशीनला विचारलं, माणूस नसलेली घरं किती? प्रिंटर खूप वेळ चालू राहिला. कागद टेबलावरून खाली गेला आणि दारापर्यंत पोचला. प्रत्येक ओळीत एक आई नाहीतर एक बायको. जयवंत तो कागद ओलांडून आत आला, चार ओळी वाचल्या आणि परत गेला.

कमळाबाईचं घर लिहायला गेली तर मशीननं नाही म्हटलं. चिंधाला जयवंतनं कधीच काढून टाकला होता, आणि माणूस नसेल तर घर लागत नाही, हे कुलूप तिचंच. म्हणून तिनं चिंधाला घरासकट पुन्हा लिहिला. एकशे सतरा, चिंधा, खाली कमळाबाई. सुकदेवला नवा नंबर दिला आणि पुतळाबाईचं घर त्याच्याखाली नेलं.

ललितभाईंना हे आठवड्यानं कळलं, कारण रोज सकाळी हजेरीचा कागद निघायचा आणि त्यावर दोन नावांपुढं रोज गैरहजर यायचं.

"बेन, मरेलाची हजेरी? काढी नाखो."

"आधी घर काढावं लागेल, ललितभाई."

"तो घर काढो."

"तुम्ही काढा," प्रमिला म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. "नंबर मारा, आणि खाली नाव येईल ते वाचून काढा."

ललितभाई पडद्यासमोर वाकले, खालचं नाव वाचलं, आणि थंड हवा पुरे झाली असं म्हणत बाहेर गेले.

साक्रीहून पोस्टकार्ड यायची, गावच्या मास्तरांच्या अक्षरात. सुकदेवचा काही तपास? प्रमिला प्रत्येकाला उत्तर लिहायची, अजून नाही. एकशे सतराचा खिळा फळीवर मोकळाच राहिला. रोज सकाळी जयवंत फाटकात नंबर पुकारायचा, आणि सुकदेवचा नवा नंबर आला की आबा तंबाखू मळायचे थांबायचे आणि वापीच्या रस्त्याकडे कान लावायचे. एवढे तीक्ष्ण कान त्यांचे. पण त्या बाजूनं कुणी कधी शिंकलं नाही.